चकाकी कुठे थांबवायची?

कोलकात्यात एल्गिन रोडवर, म्हणजे आताच्या लाला लजपतराय सरणीवर, नेताजी भवनात एक जर्मन गाडी उभी आहे. 1937 ची वाँडरर डब्ल्यू 24. जानेवारी 1941 मध्ये, 16 आणि 17 तारखांच्या मधल्या रात्री, सुभाषबाबू याच गाडीतून इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. चाकावर त्यांचा पुतण्या शिशिरकुमार बोस होता. अनेक वर्षं जागीच उभी असलेली ही गाडी पुन्हा सजली आणि 18 जानेवारी 2017 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचं अनावरण झालं. त्याच शहरात 1968 पासून ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली भरते. तिथे क्रोम आणि रंग इतके लखलखतात, की बघणारा आधी स्वतःचा चेहरा बघतो आणि मग गाडी.

भवानीपूरच्या एका मराठी घरातल्या गॅरेजमध्ये मात्र साठच्या दशकातली फिकट निळी अ‍ॅम्बेसेडर मार्क टू निस्तेज होऊन पडली होती. तिचं काय करायचं यावरून मामा आणि भाची यांच्यात जुंपली. मामांचा जन्म हावड्याच्या रंगधंद्यात गेला. भाची संग्रहालयांतल्या जुन्या वस्तूंचं जतन करते. वादाची सुरुवात हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात जेवणाच्या पंगतीत झाली, आणि तो गॅरेजमध्ये बॉनेटपाशी येऊन रंगला.

भाची : मामा, सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवायला तू खरंच सांगितलंस मिस्त्रीला?

मामा : सांगितलं. सोमवारपासून घासायला घेणार. अगं, बॉनेटवर बोट फिरव आणि बघ. निळसर पांढरी भुकटी लागली ना? याला आम्ही चॉकिंग म्हणतो. रंगाचे कण ज्या पदार्थाने धरून ठेवलेले असतात तो बाइंडर. उन्हाने तो हळूहळू मरतो आणि कण मोकळे पडतात. हा मेलेला रंग आहे. त्याचं सुतक किती दिवस धरायचं?

भाची : वरचा पापुद्रा मेला म्हणून खालचा थरही मेला असं कुठे आहे? ओल्या कापसावर थोडं रबिंग कंपाउंड घे आणि डिकीच्या कोपऱ्यात चोळून बघ. कापूस निळा होईल, आणि खाली खरा निळा दिसेल. तेव्हा साध्या शेडवर आजच्यासारखा वेगळा पारदर्शक क्लिअर कोट नसायचा. जी चमक आहे ती त्या रंगातच आहे.

मामा : चमक कशात असते हे मला सांगू नकोस! कारखान्यात रोज ग्लॉस-मीटर लावायचो. 60 अंशांतून प्रकाश टाकायचा आणि समोरच्या बाजूला किती पोचतो ते मोजायचं. गुळगुळीत काळ्या काचेला 100 आकडा. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने शिस्तीत परततो, म्हणून झाड झाडासारखं दिसतं. खाचाखोचा असतील तर तो दहा दिशांना उधळतो आणि तुला नुसता धूसरपणा दिसतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन. खाचा त्याहून बारीक झाल्या, की डोळ्याच्या दृष्टीने त्या नसतातच. पॉलिश करतात ते एवढ्याचसाठी.

भाची : पण त्या खाचा बुजत नाहीत ना! तू त्यांच्या भोवतालचा रंग खाली आणतोस. डोंगर उतरवून दरीच्या पातळीला नेतोस. माझं सगळं भांडण तेवढंच आहे. चकाकी काही लावल्याने येत नाही, काहीतरी काढल्याने येते. मग किती काढलं आणि किती उरलं याचा हिशोब नको ठेवायला?

मामा : हिशोब मिस्त्रीच्या हातात असतो. तू त्याला काम करताना बघितलेलं नाहीस. आधी लांबी भरायची, ती सुकली की 80 नंबरने घासायची, मग 180, मग 320. प्रायमर-सरफेसर मारायचा. त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा, त्याला गाइड कोट म्हणतात. मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून तिरपं घासायचं, आधी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलट. जिथे काळं राहिलं तिथे पत्रा दबलेला. जिथे आधी निघालं तिथे वर आलेला. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीच्या पन्हळी पडतात. रंग लागेपर्यंत त्या दिसत नाहीत आणि लागल्यावर लपत नाहीत. म्हणून ठोकळा. दाराच्या गोलाईवर तोच मिस्त्री ठोकळा टाकून मऊ रबराचा तुकडा घेतो. डोळे मिटून तळहात फिरवतो आणि सांगतो, इथे अजून दोन हात हवेत.

भाची : यातलं मी काहीच नाकारत नाही. नव्या पत्र्यावर, नव्या लांबीवर तो हे सगळं करू दे. माझा प्रश्न त्यानंतरच्या घासण्याबद्दल आहे, रंगावरच्या.

मामा : तेही ऐक. शेवटचा कोट पुरता कडक होऊ द्यायचा. घाई केली तर आत अडकलेला थिनर पुढे महिनाभर निघत राहतो, रंग आकसतो आणि खालचे ओरखडे वर उमटतात. मग वॉटर पेपर तासभर पाण्यात भिजत ठेवायचा, पाण्यात साबणाचे दोन थेंब, म्हणजे चोथा पेपरात अडकत नाही. 1000, 1500, 2000. दर नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण काढायचे, तोवर पुढचा हातात घ्यायचा नाही. 2000 नंतर गाडी दुधी दिसते. मालक घाबरतो. मग लोकरी पॅड, कंपाउंड, मग फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. दहा मिनिटांत त्या दुधातून आरसा वर येतो. हे बघायला गल्लीतली पोरं जमतात.

भाची : आणि कडांवर? बॉनेटच्या घडीवर, दाराच्या धारेवर?

मामा : तिथे रंग मुळात पातळ बसतो. म्हणून मास्किंग टेप लावायची. शिकाऊ पोरगा मशिन धारेवर टेकवतो, एका क्षणात रंग तापतो, जळतो आणि खालचा प्रायमर डोळे वटारतो.

भाची : म्हणजे मर्यादा तुलाही ठाऊक आहे. युरोपीय मापाने 2000 नंबरच्या पेपरातला कण साधारण 10 मायक्रॉनचा, 1000 चा 18, 400 चा 35. आजच्या गाडीवरचा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या जाडीच्या निम्मा. ऊन अडवणारी द्रव्यंही त्यातच असतात. दर दोन वर्षांनी कुणी ‘मिरर फिनिश’ करून घेतलं, तर काही वर्षांत गाडी चकाकत चकाकतच उघडी पडते. जुन्या रंगाचं तर विचारूच नको, तो परत मिळतच नाही.

मामा : परत का मिळत नाही? शेड जुळवता येते. हावड्यात 1902 पासून रंग बनतोय, शालिमारचा कारखाना तेव्हाचा. आजच्या बर्जरची मूळ कंपनी, हॅडफिल्ड्स, 1923 मध्ये याच शहरात निघाली. आता तर स्पेक्ट्रोफोटोमीटर लावलं की आकडे हातात येतात.

भाची : शेड मिळेल, थर मिळणार नाही. हे बघ, मागच्या मडगार्डच्या आत, रबराखाली, मी रुपयाएवढी जागा पाण्याने अलगद घासली. आता भिंग लाव. कडेला वर्तुळं दिसतात? वरचं फिकट निळं, त्याखाली थोडं गडद निळं, मग राखाडी, मग तांबूस प्रायमर, मग पत्रा. गाडी एकदा पूर्ण रंगवली गेली, आणि त्या वेळी शेड बदलली. कधी, ते डाव्या दाराशी ताडून बघता येईल, कारण तिथे एक थर जास्त आहे. तिथे कधीतरी ठोकर बसली असणार. गाडी आजोबांची, पण त्यांच्या कागदांत हे कुठेच लिहिलेलं नाही. गाडीवर लिहिलेलं आहे. तू 80 नंबरने ते पुसायला निघालास.

मामा : बाबांची ठोकर जतन करायची म्हणतेस! त्यांनी स्वतः ती तातडीने लपवली होती, आईला कळू नये म्हणून. अगं, ज्याने गाडी वापरली त्याला ती चांगली दिसायला हवी होती. त्याच्या इच्छेला काही मान आहे की नाही? आणि दुसरं, तू कोरड्या खोलीत, एसीत काम करतेस. इथे हवा पाण्याने भरलेली. जुना रंग सच्छिद्र होतो, ओल आत शिरते, आणि गंज रंगाखालून वाळवीसारखा सरकतो. वर फुगा दिसतो तेव्हा आत जाळी झालेली असते. रंगाचं पहिलं काम पत्रा वाचवणं आहे, इतिहास सांगणं नाही.

भाची : गंजाचं मान्य. दाराच्या खालच्या पट्ट्या आणि पुढचं डावं मडगार्ड गेलेलं आहे. तिथे पत्र्यापर्यंत जाण्याला पर्याय नाही. पण छत, डिकी आणि उजवी दारं मी रंगाची जाडी मोजणाऱ्या मापकाने तपासली. रंग शाबूत आहे, कुठेही फुगा नाही. चार जागा आजारी म्हणून सगळी गाडी सोलायची?

मामा : आणि रॅलीत ठिगळांची गाडी घेऊन जायची? डावं मडगार्ड आरशासारखं, छत खडूसारखं?

भाची : खडू राहणारच नाही. न घासता आधी नुसतं धुवायचं, मग हाताने बारीक पॉलिश, मशिन नाही. मग मेण. जेवढा जिवंत रंग आहे तेवढा उजळेल. आणि नवं मडगार्ड त्याच्याशी जुळेल इतकंच चमकवायचं, त्याहून जास्त नाही. परीक्षकांची भीती कशाला? अमेरिकेत पेबल बीचच्या स्पर्धेत 2001 पासून पुन्हा न रंगवलेल्या, जशा आहेत तशा जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा, तिने 2012 मध्ये तुरिनची सनद मान्य केली. वास्तूंच्या जतनाचा व्हेनिसचा 1964 चा जाहीरनामा आहे ना, त्याच वळणाची. वापराच्या खुणा हा वाहनाच्या इतिहासाचा भाग आहे, असंच ती धरते.

मामा : परदेशातल्या सनदा सांगू नकोस, इथलं बोल.

भाची : इथलंही आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांत 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं. अट काय, तर गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको.

मामा : त्यात रंगाचं नाव नाही.

भाची : नाही. कायदा जिथे गप्प बसतो तिथे आपण शहाणं व्हायचं.

मामा : बरं, मग नेताजींच्या गाडीचं काय? ती नव्याने सजली म्हणून लोक बघायला गेले. धूळ खात पडलेली असताना किती जण जात होते? तुझ्या न्यायाने तिला तशीच ठेवायची होती का?

भाची : तिच्याबाबतीत मी जास्त काटेकोर आहे. तुला माहितीये, ती गाडी निवडली का? घरात स्टुडबेकर प्रेसिडेंटही होती, मोठी आणि जास्त ताकदीची. पण ती शिशिरच्या वडिलांची, म्हणजे शरदबाबूंची, म्हणून ओळखू आली असती. वाँडरर लहान, लक्षात न येणारी, म्हणून ती काढली. कुणाच्या नजरेत भरू नये हाच त्या रात्रीचा तिचा गुण होता. तीच गाडी वर्धमानवरून ग्रँड ट्रंक रोडने धनबादजवळच्या बरारीला गेली आणि दुसऱ्या रात्री गोमोह स्टेशनला. अशा गाडीवर आरसा चढवला, की बघणाऱ्याला ती समारंभाची गाडी वाटते. तिचं काम मात्र चोरट्या प्रवासाचं होतं.

मामा : हे तुझं बरोबर आहे असं मला एक क्षण वाटलं. पण उलट बघ. 1941 मध्ये ती गाडी चार वर्षांची होती. चांगल्या घरातली, रोज पुसलेली. तेव्हा ती चमकतच असणार. काळाने घातलेला मळ त्या रात्रीचा नाही, नंतरच्या पडीक वर्षांचा आहे. तो का जपायचा? त्या रात्रीच्या जवळ जायचं असेल तर मळ काढूनच जावं लागेल.

भाची : मळ काढ, थर काढू नकोस. या दोघांमधली रेघ ओळखता येणं म्हणजेच माझं शिक्षण.

मामा : आणि माझं मूर्तिकारांच्या कुमारटुलीत झालं म्हण. दर वर्षी जाऊन बघतो. माती, वर खडूचा थर, रंग, आणि शेवटी देवीच्या चेहऱ्यावर गर्जन तेलाचा हात. ते तेल लागलं की मुख उजळतं. तिथला कारागीर म्हणत नाही की गेल्या वर्षीची माती जपा. दर वर्षी नवी करतो, तरी परंपरा शेकडो वर्षांची. जपायची गोष्ट हाताची असते, वस्तूची नाही.

भाची : उपमा चांगली आहे, पण ती तुझ्यावर उलटते. मूर्ती मुळातच विसर्जनासाठी केलेली असते. पुढच्या वर्षी ती पुन्हा घडवायला कारागीर असतो. या अ‍ॅम्बेसेडरचा कारागीर कुठे आहे? ती जिथे बनली तो उत्तरपाड्याचा कारखाना मे 2014 मध्ये बंद पडला. आता जी गाडी सोललीस ती सोललीस.

मामा : कारखाना बंद पडला म्हणूनच म्हणतो! गाडी घडवणारे गेले, आता निदान रंगवणारे जगू देत. मल्लिक बाजारात सुटे भाग मिळतात, हात मिळत नाहीत. नव्या गाडीचं मडगार्ड चेपलं की बदलतात, ठोकत कुणी नाही. हा मिस्त्री साठीला आला. वर्षातून अशा दोन-तीन गाड्या मिळाल्या तर तो पोराला शिकवेल. तुझ्या सनदेने त्याचं पोट भरत नाही. मूळ रंग तसाच ठेवा असं सगळ्यांनी ठरवलं, तर गाइड कोट कशाशी खातात हे दहा वर्षांत कुणाला माहीत नसेल.

भाची : हे मला आधी सुचलं नव्हतं, आणि याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. पण एक विचारते. छताचा जुना रंग न उडवता उजळणं सोपं की अवघड?

मामा : फार अवघड. नव्या रंगावर चूक झाली तर पुन्हा कोट मारता येतो. जुन्यावर एकदा आरपार गेलं की संपलं. तिथे मिस्त्री मशिन लावत नाही, हातच लावतो, आणि दर चार हातांनी कापूस बघतो.

भाची : म्हणजे ती जास्त वरच्या दर्जाची कारागिरी झाली. तीही शिकवता येते. आणि मिस्त्रीची काळजी करतोस तर त्याच्या फुफ्फुसांचीही कर. जुन्या पिवळ्या आणि लाल रंगांत, प्रायमरमध्ये शिसं असायचं. कोरडं घासलं की तीच धूळ त्याच्या नाकात. आणि आजचा टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचा, क्लिअर कोट फवारताना त्यातलं आयसोसायनेट हे घातक रसायन. रुमाल बांधून ते अडत नाही, बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो.

मामा : तू काय सांगतेस, मी डोळ्यांनी पाहिलंय. थ्रीएमने 1921 मध्ये पाण्यात चालणारा पेपर काढला तेव्हा जगभरच्या गॅरेजांतली धूळ अर्धी बसली म्हणायचे. आपल्याकडे मात्र अजून पोरं कोरडं घासतात, कारण पाणी सुकायची वाट कोण बघणार? बरं, आयसोसायनेटवरून आठवलं. क्लिअर मारू नको म्हणशील, तर जुन्या पद्धतीचा लॅकर मारायचा का? तो इथे मारून दाखव. थिनर झटकन उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. ब्लशिंग म्हणतात. आषाढात तर नावच काढू नको. म्हणून ही कामं आम्ही पौषात काढतो आणि सावकाश उडणारा रिटार्डर थिनर घालतो.

भाची : पौष आहे, मग अडलं कुठे?

मामा : अडलं चमकीवर! डाव्या मडगार्डला मी किती चमक देऊ? मला तर ग्लॉस-मीटरवर 95 चा आकडा हवा.

भाची : मूळ गाडीला तो कधीच नव्हता. कारखान्यातून निघालेल्या त्या काळच्या गाडीच्या रंगावर बारीक लहरी असायच्या. तुम्ही ज्याला ऑरेंज पील म्हणता ते. दारांच्या आतल्या भागावर अजून आहे, जिथे कुणी पॉलिश केलं नाही. तिथे टेकून बघ आणि तेवढंच जुळव. उत्तरपाड्याने जे दिलं नाही ते आपण द्यायचं, हा जीर्णोद्धार नाही, कल्पनाविलास झाला.

मामा : म्हणजे मुद्दाम कमी चांगलं काम करायचं? मिस्त्री मला वेड्यात काढेल.

भाची : कमी चांगलं कशाने? ठरलेल्या जागी थांबणं हे जास्त चांगलं काम आहे.

मामा : ऐकायला छान आहे. आता व्यवहार ऐक. या धंद्यात पैसे मिळतात ते फरकाचे. मालक आधीचा फोटो बघतो, नंतरचा बघतो, आणि त्या दोघांतल्या चकाकीचे पैसे मोजतो. छतावर आठ दिवस हाताने काम करून मिस्त्रीने ‘आधीसारखंच, पण जिवंत’ असं छत दिलं, तर कुठला मालक नोटा काढेल? तो म्हणेल, काय केलंस? म्हणूनच सगळे सोलतात. जुन्या रंगाचा कुणी वैरी नाही, पण त्याच्यासाठी दर ठरलेला नाही.

भाची : मग दर ठरवू. सोलून रंगवायला त्याने पॅनेलमागे जे सांगितलं असेल, ते छताला न सोलण्यासाठी दे. वर मापकाचे आकडे कामाच्या आधी आणि नंतर लिहून घे. पाच मायक्रॉनपेक्षा जास्त उतरलं नाही तर वरचे पैसे बक्षीस म्हणून.

मामा : न काढलेल्या रंगाचे पैसे! हावड्यात हे ऐकलं तर माझे जुने सहकारी हसतील.

भाची : हसू देत. त्यांना आकडा सांग, आकड्याला ते हसत नाहीत.

मामा : ठीक. छत, डिकी आणि उजवी बाजू तुझी. डावी बाजू आणि दाराच्या पट्ट्या माझ्या, आणि तिथे 2000 पर्यंत जाणार, त्यात तू बोलायचं नाही. ऑरेंज पील किती ठेवायची ते आतल्या दाराला विचारून ठरवू. आणि मिस्त्रीच्या पोराला छतावर बसवू, मशिन न देता. पैसे मात्र दोन्ही बाजूंचे सारखे देणार. नाहीतर पुढच्या गाडीला तो पुन्हा 80 नंबरच उचलेल, आणि मग मी त्याला दोष देऊ शकणार नाही.